दोन गावांचा देव

विलायतेतले शिक्षण संपवून मी अणदूरला परतलो आणि माझे घराबाहेर पडणेच थांबले. दिवस दिवस कुणाशी बोलत नसे. पुन्हा विलायतेला जातो, एवढे मात्र आईला सांगून ठेवले होते. आमचा खंडोबा वर्षाचे काही महिने अणदूरला राहतो, काही नळदुर्गला. त्याची पालखी नळदुर्गला निघाली त्या सकाळी आईने मला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढले.

वेशीजवळ एक अनोळखी हलगीवाला उसाच्या पाचटाच्या जाळावर हलगी शेकत होता. त्याच्या भुवया भंडाऱ्याने पिवळ्या झाल्या होत्या. हलगीवर टिचकी मारून तो कान लावी आणि स्वतःशीच हसे. माझे तोंड पाहून म्हणाला, "सायेब, सुतक हाय का घरात?"

घरात कुणाला न सांगितलेले मी त्याला सांगितले. माझे मन विलायतेतच राहिले होते.

"मग दोन गावं झाली की तुमची! देवालाबी दोनच हायत. इथं असला की तिथली याद येतच असंल. म्हणून रुसून बसतो व्हय त्यो? चला, पालखीला खांदा द्या!"

"येळकोट येळकोट जय मल्हार!" पालखी उठली, हलगी कडाडली आणि दांडी खांद्यावर घेऊन मी पळू लागलो. तो पुढे उलट्या पावलांनी नाचत वाजवत होता. खांदा बदलायला माणसे आली, तरी मी दांडी सोडली नाही.

नळदुर्गच्या गर्दीत तो दिसेनासा झाला. मी धापा टाकत शेजारच्या अणदूरकराला विचारले, "देवाला परत न्यायला आपण कधी यायचं?"