चौथा तुकडा

अंगारे, उतारे, चमत्कार यांच्याविरुद्ध पत्रकं वाटतच मी मोठी झाले. आमच्या घरात आजवर कुणी नवस बोललेला नाही. तरी हे लिहितेय. मित्र हसतील... हसू देत.

आम्ही भिवंडीत राहतो. मामा जवळच्याच वडपे गावातल्या एका गोडाऊनमध्ये लोडिंगला होता. तिथला माल गायब झाला आणि मॅनेजरने आळ मामावर घातला. पोलिसांनी त्याला उचललं. खरं तर मॅनेजरचीच माणसं माल टेम्पोत भरताना कॅमेऱ्यात आली होती. वॉचमनने ते दिवसभराचं रेकॉर्डिंग नोकरी पणाला लावून मला दिलं. मशीनवरचं जुनं आपोआप पुसलं जातं, म्हणजे आता प्रत एकच – माझ्या लॅपटॉपवर.

लॅपटॉप कुणी हिसकावला तर? मी त्या अवाढव्य फाइलचे सॉफ्टवेअरने चार तुकडे केले. जुने, लहान पेनड्राइव्ह जमवले, एकात जेमतेम एक तुकडा मावेल असे, आणि चार घरी ठेवायला दिले. पप्पा आंदोलनाच्या पत्रकांचे गठ्ठे असेच विखरून ठेवायचे. एक जप्त झाला तरी बाकीचे वाटता यायचे. मग लॅपटॉपवरची फाइल मी पुसून टाकली. केवढी हुशारी! गठ्ठा गेला तर बाकीचे उरतात. फाइलचा एक तुकडा गेला तर बाकीचे उघडतही नाहीत – हे डोक्यातच आलं नाही.

जामिनाच्या सुनावणीआधी आम्ही वकीलबाईंच्या ऑफिसात जमलो. अंजूरची मावशी दारातच रडायला लागली.

"बाय, परकराच्या खिशात ऱ्हायला गो. धुताना दगडावर आपटला मी!"

तिच्या मुठीत पेनड्राइव्हचा चुरा होता. चौथा तुकडा गेला... म्हणजे मामा गेला.

"उरलेले लाव तर," वकीलबाई म्हणाल्या.

पहिले दोन तुकडे लॅपटॉपवर उतरवले. मग अंबाडीहून आलेल्या मावसबहिणीचा, स्नेहाचा, पेनड्राइव्ह लावला. त्यात दोन फाइली. तिसरा तुकडा आणि चौथा!

"स्नेहा, हे तू टाकलंस?"

"मी? मला धड फोटो पाठवता येत नाही, आणि मी तुकडे टाकू?"

चारही तुकडे लॅपटॉपवर जोडायला लावले. फाइल जुळली, चालली. मॅनेजर पान चघळत खोकी मोजून देताना स्वच्छ दिसला. वकीलबाईंनी लगेच प्रती काढल्या.

संध्याकाळी मी तोच पेनड्राइव्ह पुन्हा उघडला. आत एकच तुकडा. दुसऱ्याला जागाच नव्हती.

मी किती जणांना विचारलं, किती वाचलं. उत्तर नाही. त्या पेनड्राइव्हला हार घालायला कृपया कुणी येऊ नका. मी आजही पत्रकं वाटते. पण मनातून हात जोडले जातात, हे लपवणार नाही.

मामा सुटला. त्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो जेवत होता.

"कसा झाला ते तुला न्हाय ठाव, मला न्हाय ठाव," तो म्हणाला. "मी घरी हाय ना? वाढ अजून भात."

मी वाढला.