राजदूताच्या ड्रायव्हरची ओळख

परक्या देशाच्या राजदूताशी साहेबांच्या चोरून भेटीगाठी होतात, अशी बातमी फुटली. साहेबांनी कानांवर हात ठेवले. मग चौकशी समितीने त्यांच्या ड्रायव्हरला विचारलं, "तिकडच्या कुणाला ओळखतोस?"

"राजदूतांच्या ड्रायव्हरला," तो सरळ म्हणाला. दोघे गाडीच्या सावलीत डबा वाटून खायचे. एकमेकांची भाषा मात्र ओ की ठो कळायची नाही.

परकीयांशी संबंध म्हणून निलंबित झाला तो एकटाच.

बायको कडाडली, "नाही म्हणायला काय जीभ झिजली असती तुमची?"

"अगं, गाडी बंद पडली तेव्हा भर उन्हात त्यानंच धक्का मारला. मागे साहेब आणि राजदूत गप्पा हाणत होते, उतरलेसुद्धा नाहीत."

"मग हे का नाही सांगितलंत?"

"मागे कोण बसलं होतं, ते कुणी विचारलंच नाही."