फुलदाणीचं वय

जुन्या चिनी मातीच्या भांड्याचं वय कुसुमताई त्याच्या बुडावरून सांगत. एका संग्रहालयाच्या कोठारात एकतीस वर्षं भांडी पुसता पुसता ही विद्या त्यांच्या बोटांत उतरली होती. निवृत्तीनंतरही नारायण पेठेत कुणाच्या माळ्यावर चिनी फुलदाणी निघाली, की बोलावणं त्यांनाच येई. गेल्या वर्षापासून मात्र ते अपूर्वाला जाऊ लागलं. अपूर्वा त्यांचीच शिष्या, दोन वर्षं त्यांच्या हातचे पोहे खात शिकलेली.

पेठेतल्याच दुर्गाबाईंनी आपली निळी-पांढरी फुलदाणी आधी कुसुमताईंना दाखवली, याचंच ताईंना केवढं समाधान. त्यांनी ती उलटी केली, बुडाच्या खरखरीत कडेवरून बोट फिरवलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. नक्कल आहे, फार तर चाळीस वर्षांची. जुन्या भांड्याच्या कडेत मळ मुरलेला असतो, ही पांढरीशुभ्र.

"बरं," दुर्गाबाई म्हणाल्या. "उद्या अपूर्वा येतेय. तिचंही ऐकते."

दुसऱ्या दिवशी कुसुमताई न बोलावता हजर.

"तुम्हाला वेळ बराच दिसतोय," दुर्गाबाईंनी दार उघडत स्वागत केलं.

कुसुमताईंनी ते गिळलं. पोरगी चुकायला हवी होती. निदान अडखळायला तरी.

अपूर्वानं बॅटरी लावून आत बघितलं, बूडही बघितलं. मग विचारलं, "काकू, ही घासता कशानं?"

"चिंचेनं. दसऱ्याला तांब्या-पितळेबरोबर हीही निघते. सासूबाईंपासूनचं आहे ते."

कुसुमताईंचे कान तापले. त्यांच्या स्वतःच्या घरी दसऱ्याला हेच चालतं. मळ राहणार कुठून? काल त्यांनी हे विचारलं असतं; पण अपूर्वाच्या आधी निकाल द्यायची घाई झाली होती.

अपूर्वा दुर्गाबाईंना आतला सांधा दाखवत होती. फुलदाणीचे दोन अर्धे भाग हातानं जोडलेले; साच्यातल्या नकलेत असा सांधा नसतो. बुडावरची खूण तीनशे वर्षांपूर्वीच्या चिनी बादशहाची, पण ती मागाहूनच्या कारागिरांनी त्याच्या मानाखातर घातलेली.

"दीडशे वर्षांची धरू," ती म्हणाली. "हे सगळं ताईंनीच शिकवलंय मला."

चुकीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

"शिकवलंय ना, मग निळा रंग नीट बघ," कुसुमताई म्हणाल्या. "सपाट आहे, खोली नाही त्याला, म्हणजे अलीकडचा. सव्वाशे."

अपूर्वानं फुलदाणीकडे पाहिलं, मग ताईंकडे. कागदावरचं दीडशे खोडून तिनं सव्वाशे लिहिलं. दुर्गाबाईंनी मान डोलावली.

कुसुमताई जिना उतरू लागल्या. अपूर्वानं आकडा बदलला होता तो पटला म्हणून, की म्हातारीचं मन राखायला? परत वर जाऊन विचारावं असं दोनदा वाटलं. त्या गेल्या नाहीत. ती खरं सांगेल, याचीच भीती वाटत होती.