वहिनी, शिळं उरलंय का?

आमच्या घरात कचरा कमी पडला, म्हणून एका दुपारी मी शेजाऱ्यांकडे मागायला गेलो होतो.

हे वाचून तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटलं, तेच आमच्या कॉलनीलाही वाटलं. (कॉलनीला जरा जास्तच वाटलं.)

झालं असं, की पालिकेनं घरच्या घरी खत करण्याची योजना आणली. अन्न वाया घालवू नका, आणि तरी जे वाया जाईल त्याचं खत करा. त्यासाठी एक हिरवा ड्रम. वर झाकण, अंगाला भोकं, खाली तोटी. पैसे आधी आपण भरायचे. मग साहेब येऊन ड्रमात खरंच काही कुजतंय का ते बघणार, आणि अनुदान खात्यात जमा होणार. वॉर्डाच्या बैठकीत "पहिलं नाव कोण देतं?" असं विचारलं आणि माझा हात वर गेला. मी एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत आहे, म्हणून खतावर चार शब्दही बोललो. टाळ्या पडल्या!

ड्रम घरी आला. आईनं तो चारी बाजूंनी बघितला.

"याच्यात टाकायचं काय?"

"उरलेलं अन्न."

"कोनाकडचं?"

मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न बिनतोड होता. आमच्या आईच्या राज्यात काही उरतच नाही. रात्रीची भाकरी सकाळी फोडणीत कुस्करली जाते, भात थालीपिठात जातो. दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्या वरणात, चहाचा चोथा गुलाबाला. यातूनही काही निसटलंच, तर मागच्या गल्लीतली शेळी फाटकाशी उभी असते, आणि आमच्या घराबद्दल तिचंही मत फारसं चांगलं नाही. महिना गेला तरी ड्रम कोरा! शेवटी आईनं त्यात कांदे भरले.

"भोकं हायेत, हवा लागती. कांदा सडत न्हाई," ती म्हणाली. "सरकार चांगली वस्तू देऊन राह्यलं."

आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी ऐन दुपारी पालिकेतून फोन आला. उद्या सकाळी साहेब तपासणीला येणार. ड्रमात कांदे दिसले तर अनुदान जाईलच, शिवाय वॉर्डात पहिलं नाव माझं.

"अहो, मंग आज भाजी जास्तीची करू का? वाया घालवायला?" माझी बायको सुनीता हळूच म्हणाली. हळूच अशासाठी, की आई आत होती. तिच्या कानावर हे गेलं असतं, तर कांदे काढून तिनं आम्हा दोघांना ड्रमात बसवलं असतं.

मी गुपचूप बादली उचलली आणि समोरच्या शिंदे वहिनींचं दार वाजवलं.

"वहिनी, काही शिळं उरलंय का?"

"शिळं?"

"हो. भात, पोळी, काहीही. जरा नासलेलं असलं तरी चालेल."

वहिनींनी एकदा बादलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"कधीपासून चालू हाय हे, भाऊजी?"

"महिना झाला," मी म्हणालो. "महिनाभर काही म्हणजे काही नाही." (मी ड्रमबद्दल बोलत होतो.)

"कंपनीनं काढलं का?"

"छे, कंपनीचा काय संबंध?"

"ऱ्हाऊ द्या. न्हाई विचारत."

त्या आत गेल्या आणि वरण-बट्टीचा डबा घेऊन आल्या. डबा हाताला चटका देत होता.

"वहिनी, हे तर ताजं आहे."

"असू द्या. शिळं द्यायला हात उचलत न्हाई."

मी घाईघाईनं खत, ड्रम, साहेब असं सगळं सांगितलं. तापात बरळणाऱ्या माणसापुढे हलवावी तशी त्या मान हलवत राहिल्या, आणि म्हणाल्या, "हो हो. तुम्ही आधी जेवून घ्या."

दोन घरं सोडून खान भाभी राहतात. मी तिथं पोचायच्या आत वहिनींचा फोन पोचला होता. भाभी डबा घेऊन दारातच उभ्या होत्या.

"कुछ मत बोलो, प्रकाशभाई. बुरा वक्त सबपे आता है."

रिकामी बादली आणि भरलेले डबे घेऊन मी घरी आलो, तर माझ्या मागोमाग कॉलनी यायला लागली. कुणी पुलाव, कुणी साबुदाण्याची खिचडी, कुणी शिरा. कोपऱ्यावरच्या काकांनी तर सळईच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. ओट्यावर जागा उरली नाही. आणि या सगळ्याच्या मधोमध आई येऊन उभी राहिली.

"काय झालं ते बराबर सांग."

मी सांगितलं.

"तुझ्या आज्यानं शिळं मागनं बंद केल्तं. म्हाईत हाय ना तुला?"

मला माहीत होतं. राजूरकडच्या खेड्यात आमचे आजोबा दिवसभर गावाची कामं करायचे आणि संध्याकाळी टोपलं घेऊन दारोदार शिळ्या भाकरी मागून आणायचे. आमच्या लोकांनी तेच खायचं, असा रिवाजच होता. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी आजोबांनी टोपलं चुलीत घातलं. पुढं उपाशी निजले, पण कुणाच्या दारात गेले नाहीत. आई त्या घरात सून म्हणून आली आणि तिनं घासही वाया जाऊ दिला नाही, तो एवढ्याचसाठी, की पुन्हा कुणापुढे हात पसरायला लागू नये.

"अन् तू आज बादली घेऊन गेल्तास."

"आई, मी कचरा मागत होतो," मी म्हणालो. हा बचाव किती वाईट आहे, ते तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. मला तिच्याकडे बघवेना. साऱ्या जन्माची तिची ताठ मान मी एका दुपारी खाली घालून आलो होतो.

तिनं डोळे पुसले आणि पदर खोचला.

"लोकांनी मायेनं दिलं, ते बसून खायचं. पन एक बी डबा रिकामा जानार न्हाई. ऊठ, बाजारात जा."

मी आलू, मटार आणि दोन थोरले लाल भोपळे आणले. आई आणि सुनीता भाजी आणि भोपळ्याचे घारगे करायला लागल्या, सोलायचं काम शिक्षा म्हणून माझ्याकडे आलं. मी जन्मात भोपळा सोललेला नव्हता. आईनं एक साल उचलून उजेडात धरली.

"ही साल हाय का फोड?"

सालींचा ढीग वाढत गेला. आईनं त्यातली चटणी केली, तरी ढीग तसाच. शेळीनं पोटभर खाल्लं आणि चक्क पाठ फिरवली! मग सुनीतानं कांदे काढून साली ड्रमात ओतल्या, वर पालापाचोळा आणि माती टाकली. ड्रम अर्ध्याच्या वर भरला.

सकाळी आई इस्त्रीची साडी नेसून निघाली. मागे डबे घेऊन मी. प्रत्येक दारात ती एकच सांगत होती.

"पोराची नोकरी हाय. पगार बी चालू हाय. अक्कल तेवढी कमी हाय, ती आधीपासूनच. हे घ्या, घारगे खा."

शिंदे वहिनींनी उंबऱ्यातच घारगा तोंडात टाकला, आणि आईला हात धरून आत नेऊन चहा पाजला. खान भाभी म्हणाल्या, "अम्मा, हमारा डबा तो आपने भारी कर दिया." आई हसली. कालपासून पहिल्यांदा मला तिच्याकडे बघवलं.

आम्ही परतलो तर साहेब आलेले. त्यांनी झाकण उघडलं, काडीनं ढवळलं, वास घेतला आणि खूश झाले. मोबाइलवर ड्रमचे फोटो काढून ते आईकडे वळले.

"आजी, खताचं बघितलं. आता अन्न वाया जाऊ नये म्हणून घरात काय उपाय केला, तेवढं सांगा."

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्याला सैपाकघरात येऊ देत न्हाई."

साहेबांनी मान डोलावली. ड्रमचे फोटो झालेच होते. पुरावा म्हणून त्यांनी माझाही एक काढून घेतला.