सासूबाईंच्या डांगराचं बी

सासूबाईंनी मागे ठेवलेलं डांगराचं बी मी तव्यावर भाजलं, त्याची चटणी केली आणि खाल्ली.

हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही आमच्याकडे कुसगावला जेवायला येणार नाही — आणि आलात तरी आता चटणी मागणार नाही.

हसलात ना? हसा. मीही मनातल्या मनात ही गोष्ट अशीच हसवून सांगत आलोय. गाढवपणा म्हणून सांगितलं की निम्मी सुटका होते. पण चटणी हा गुन्हा नव्हे हो. चटणी नुसता मूर्खपणा. गुन्हा पुढे आहे — येतो, तिकडेच येतोय.

कंपनीतून निवृत्त झालो आणि स्वयंपाकघरात घुसलो. सुनंदाला, म्हणजे बायकोला, अंगणातले वाफे आणि शिलाई मशीन असे दोन छंद. मला एकही नव्हता. मोबाइलवर बघून रांधायला लागलो. एका दुपारी ती ब्लाउजचं अस्तर आणायला लोणावळ्याच्या बाजारात गेली होती आणि मोबाइलमधली बाई सांगत होती, भोपळ्याच्या बिया भाजा, लसूण घाला. बिया कुठून आणू? फडताळात राखेचा डबा होता. राखेत पुरचुंडी — सासूबाईंच्या लुगड्याच्या तुकड्याची, तोंड दोऱ्यानं शिवलेलं.

आत काय आहे ते मला ठाऊक होतं — डांगर म्हणजे लाल भोपळाच की. पाऊस लागायच्या सुमारास सुनंदा ती उसवायची, आळ्यात बी लावायची, डांगर पिकलं की नवं बी भरून पुन्हा शिवायची, कीड लागू नये म्हणून राखेत पुरायची. तिच्या आईची हीच रीत. मी हे दर वर्षी बघत होतो. पण बी म्हणजे काय, कुठल्याही डांगरात ओंजळभर निघतं — असा माझा थोर विचार. मी सगळंच तव्यात ओतलं.

सुनंदा आली. भाकरीशी चटणी खाल्ली, बोट चाटलं आणि म्हणाली, "आज पहिल्यांदा तुमच्या हाताला चव आली." आणि लगेच, त्याच घासावर, "यंदा आईचा वेल गच्चीवर चढवू हं."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. पण काय सांगणार होतो? की तू आत्ता चाटलंस ते काय होतं?

दुसऱ्या दिवशी नर्सरीतून लाल भोपळ्याच्या बियांचं पाकीट आणलं. बोटं टोचून घेत पुरचुंडी शिवली, राखेत पुरली. पावसाच्या तोंडावर सुनंदानं ती हातात घेतली आणि टाके बघून घाबरली. "ही माझी शिवण? डोळे गेले की काय माझे!" डोळे तपासून घेतले, चष्मा केला. चष्मा तुला शोभतो, असंही मी म्हणालो. म्हणालो मी.

वेल आला, डांगरं आली. गुळगुळीत, पाकिटावरच्या चित्रासारखी देखणी — आणि पाणचट. सुनंदाला वाटलं, माती बदलली म्हणून. आईच्या गावची माती आणा, म्हणाली.

आता सांगतो.

सासूबाईंची धाकटी बहीण, भामामावशी, आंदर मावळात त्याच गावात राहते. माती आणायला मी तिच्याकडेच गेलो. मावशीच्या अंगणात मांडव होता आणि मांडवावर तोच वेल — तेच बी, दोघी बहिणींनी वाटून घेतलेलं. माझ्या डोक्याच्या अगदी वर एक डांगर लोंबत होतं. मी त्याच्याखाली बसून चहा प्यालो. मावशीनं पोत्यात माती भरून दिली आणि विचारलं, "आनि काय पायजे का, जावईबापू?"

मूठभर बी द्या — एवढंच म्हणायचं होतं ना? हसली असती, सुनंदाला सांगितलं असतं, सुनंदानं आठवडाभर अबोला धरला असता. संपलं असतं.

"काही नको," म्हणालो. पोतं उचललं आणि निघालो.

मातीनं काय होणार? डांगरं पाणचटच आली. मग सुनंदानं दोष मातीवरून काढला आणि स्वतःच्या हाताला लावला. आईचा हात माझ्याकडे आला नाही, म्हणायला लागली. हळूहळू वाफ्यात मेथीसुद्धा पेरेना. बी हातात घेतलं की मला हाक मारते — "तुम्हीच लावा, तुमच्या हातचं जगेल." म्हणजे मी लावतो. पाणीही मीच घालतो. अंगणभर पसरलेला तो वेल माझ्या खुर्चीच्या पायांना विळखा घालतो आणि मी हलवेन तिकडे मागून येतो. दिवाळीनंतर त्याच डांगरांचे घारगे होतात. मी वाखाणतो आणि वर आणखी दोन मागून घेतो — नको म्हणायची सोय कुठे ठेवलीय मी?

यंदा भामामावशी आली. एसटीतून उतरून पायरीवर टेकली ती टेकलीच.

"रानडुकरांनी समदा वेल उकरला बग, सुनंदा. बी म्हनून येक दाना न्हाई ऱ्हायला. म्या म्हनलं, रडायचं कशापायी? आक्काचं हाय की तुज्याकडं."

सुनंदानं डबा काढला. राख झटकून पुरचुंडी मावशीच्या हातावर ठेवली. मावशीनं लुगड्याचा तुकडा ओळखला, कपाळाला लावला, पुरचुंडी पदराच्या गाठीत बांधली.

मग घारगे वाढले. मावशीनं एक तुकडा मोडला, चावला आणि चावता चावता थांबली.

"बाय, ह्ये आक्काच्या डांगरावानी लागत न्हाई गं."

सुनंदानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "बी तेच आहे, मावशी. हातच वाईट माझा. आईनं नको त्या लेकीला दिलं."

इथे बोलायचं होतं. इतकी वर्षं ज्यात कोंडून बसलोय त्याचं दार समोर सताड उघडं होतं. मी काय केलं? ताटातला घारगा उचलला, अख्खा तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडानं म्हणालो, "छे, छे! चव तीच आहे. अगदी सासूबाईंची."

मावशीनं पदराची गाठ चाचपली आणि माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, तुमी तर बोलूच नगा. तुमाला ताटात माती वाढली तरी ग्वाड म्हनून खाल."