गुडघ्याएवढा दगड

आमच्या कुरणातले उभे दगड कुणी आणि कशासाठी रोवले, हे कळल्याशिवाय मरायचं नाही, असं माझ्या थोरल्या जावेनं, इत्तोनं, मनाशी धरलं होतं. ॲटलसच्या डोंगरात बायकांना कामं काय कमी असतात? पण तिचं पहिलं मूल न रडताच गेलं. नाव न ठेवलेल्या लेकराला कबरस्तानात जागा द्यायची रीत तेव्हा आमच्याकडे नव्हती. सासऱ्यांनी त्याला त्या दगडांपाशी पुरलं. वर खूण म्हणून काही ठेवलं नाही.

तिचा नवरा, मोहा भावोजी, म्हणायचे, "गुरं बांधायचे खुंटे ते! त्यात काय एवढं?"

त्या दिवशी भावोजींच्या चहात साखर नसायची. "माझं लेकरू काय गोठ्यात निजवलंय?" एवढंच ती मला म्हणायची.

लोकर कातताना ती दगडांकडेच तोंड करून बसे. एकदा म्हणाली, "अगं, मोठ्याला बैल बांधतील. पण हा गुडघ्याएवढा? याला काय कोंबडी बांधायची?"

"कोकरू बांधत असतील, जाऊबाई."

"घे, तू तुझ्या भावोजींचीच बाजू घे!"

आम्ही म्हाताऱ्या झाल्यावर राजधानीहून, राबातहून, जुन्या काळाचा शोध घेणारे खोदकामवाले आले. त्यांची मुख्य सफिया, आमच्या नातीच्या वयाची. इत्तो रोज ताक घेऊन जायची, आपल्या बाळाची जागा दाखवून "एवढं सोडून खण" म्हणायची आणि तिथेच बसायची.

खणता खणता त्या बुटक्या दगडाखाली एक इवलासा सांगाडा निघाला. गळ्यापाशी शिंपल्यांचे मणी.

"कसं निजलंय?" इत्तोनं विचारलं.

"कुशीवर. गुडघे पोटाशी घेऊन."

"म्हणजे कुणीतरी नीट निजवलंय."

"हो आजी. बाकीच्या दगडांचं अजून सांगता येत नाही. पण हा या बाळासाठीच रोवलाय."

 घरी येऊन इत्तोनं भावोजींना सगळं सांगितलं आणि त्यांच्या चहात चार चमचे साखर घातली. दुसऱ्या दिवशी दोघं गाढव घेऊन ओढ्यावर गेली. परत येऊन बाळाच्या जागेपाशी खड्डा भावोजींनीच खणला. मध्येमध्ये डोळ्यांत धूळ गेली म्हणत होते; वारा तर नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात सफिया आली. नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"आजोबा, हा दगड गेल्या वर्षी नव्हता ना? कशाचा हा?"

मला वाटलं, आता खुंटा म्हणतात.

"आमच्या थोरल्याचा," भावोजी म्हणाले.