गुलाबी ताजमहालाची पांढरी कड

ती फिर्याद आजही डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पचवले, दरोडे पचवले. ही साधी चोरी मात्र पचली नाही.

शिरूर ठाण्यात सकाळची हजेरी आटोपत होती, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका छापायचा त्यांचा धंदा होता. फ्लेक्स आलं आणि तो बसला. तक्रार अशी, की घरातल्या पत्र्याच्या पेटीतून त्यांची चित्रं चोरीला गेली. नावाजलेल्या इमारती, पण रंग भडक. ताजमहाल गुलाबी, गोलघुमट पोपटी. ठाणे अंमलदाराला हसू आवरेना.

चाचा चिडले नाहीत. अशा चित्राचा एकेक रंग वेगळ्या जाळीतून छापतात, मोजक्याच प्रती काढतात आणि खालच्या पांढऱ्या कडेवर चित्रकार पेन्सिलीने प्रतीचा आकडा घालून सही करतो, असं त्यांनी समजावलं. पारखणारा आधी ती कड बघतो. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं पोटाला चिमटा काढून ही चित्रं जमवली. बायकोच्या पाटल्याही त्यात गेल्या. आता पुण्याहून एक पारखी खरेदीला येणार होता आणि त्या पैशांत भाड्याची खोली सुटून स्वतःचं घर व्हायचं होतं.

घटनास्थळाचा पंचनामा केला. पेटीचं कुलूप शाबूत होतं. कुलूप शाबूत असलं की पोलीस घरातल्या माणसांकडे बघतो. चाचांच्या बायको, चाची, मान खाली घालून चहा देत होत्या.

दोनच दिवसांत खबऱ्याचा फोन आला. दौंडच्या बाजारात एका फ्रेमवाल्याकडे रंगीत इमारती आल्या होत्या. दौंड ठाण्यात नोंद करून आम्ही दुकान गाठलं. चित्रं माळ्यावर चादरीत गुंडाळलेली होती. फ्रेमवाला चाचांचा सख्खा मेहुणा, चाचींचा भाऊ निघाला.

चोराच्या मनात चांदणं असतं. पकडला की तो आधी दाराकडे बघतो. हा मात्र चित्रांकडे बघत होता. कोणी आणून दिली, यावर चकार शब्द बोलेना. मी आवाज चढवला, चोरीचा माल बाळगल्याचं कलम सांगितलं, तरी नजर चित्रांवरच. शेवटी मी चादर सोडली आणि बघतच राहिलो. सगळी चित्रं लॅमिनेट केलेली होती आणि खालची कड कुठेच नव्हती.

"कड कुठाय?" मी विचारलं.

तो रडायलाच लागला. "वाईट दिसत हुती, कापली. पेन्सिलीनं कुणी तरी गिरगटलं हुतं. वरनं चांगलं लॅमिनेशन मारलं, म्हणलं पाणी पडलं तरी भ्या न्हाई. ताईचा जीव हाय ओ त्यात, साहेब."

आमच्या भागात जपायची वस्तू म्हणजे लॅमिनेशन. दहावीचा दाखला असो नाहीतर वारलेल्या बापाचा फोटो. माणूस खोटं बोलत नव्हता.

चाचींना महिला अंमलदारासमोर विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. चाचा पुण्याला गेलेले असताना त्यांनीच चित्रं जीपने भावाकडे नेली होती.

"पोरगी दाखवायची तवा येणीफणी करूनच दाखवतो की न्हाई?" त्या म्हणाल्या. "म्हणलं गिऱ्हाईक येतंय, जरा नीटनेटकं दिसू द्या."

त्याच रात्री पुण्याहून परतलेल्या चाचांनी जेवताना त्यांना कडेचं महत्त्व पहिल्यांदा सांगितलं. पारख्याला सांगितलं, मला सांगितलं. ज्या बाईच्या पाटल्या गेल्या तिला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. चाचींनी भावाला फोन केला, तोवर सगळं उरकलं होतं. मग भीतीने त्यांनी चोरीची बतावणी केली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणतो. मला त्या दिवशी ते म्हणवेना.

पारखी ठाण्यातच आला. चित्रं हातात घेऊन त्याने उलटीसुलटी केली आणि परत ठेवली. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक कागदासकट निघतं, म्हणाला. किंमत विचारली तर तो चाचांकडे न बघता निघून गेला.

चाचा माझ्यासमोर बसले. चाचींनी सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं.

"साहेब, चोर सापडला न्हाई असं लिवा. मला कळलंय हे तिला कळू दिऊ नका."

मी म्हणालो, "चाचा, मला खरं तेच लिहावं लागतं. आणि त्या बाहेर बाकावर बसल्यात. दार उघडंय."

त्यांनी वळून पाहिलं. चाचींनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. चाचा उठून त्यांच्याजवळ गेले नाहीत. खुर्चीतच बसून राहिले.

मी तपास बंद करायची 'क' समरी कोर्टाकडे पाठवली. म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली, गुन्हा कुणाचाच नाही. कोर्टाने ती मंजूर केली. दोघं अजून त्याच भाड्याच्या खोलीत आहेत. शेजारी सांगतात, भांडण नाही, तंटा नाही, बोलणंच नाही.

तपास लागला की घरात उजेड पडतो, असं मी आयुष्यभर समजत आलो. मुद्देमाल परत घेताना पावतीवर सही करून चाचा जे म्हणाले, त्याने ती समजूत कायमची गेली.

"चोरानं नेलं असतं तर बरं झालं असतं, साहेब. आमी दोघं मिळून वाट तरी बघितली असती."